यंत्रे आली, हात कुठे आहेत?

नवघर म्हटले की वसईकडील आमच्या वाचकांना आधी नवघर-माणिकपूर आठवते. ती नगरपरिषद २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिकेत विलीन झाली. आम्ही येथे लिहीत आहोत ते खाडीच्या दक्षिणेचे, भाईंदर पूर्वेचे नवघर. १९८५ साली भाईंदर, मिरे, काशी, घोडबंदर आणि नवघर या पाच ग्रामपंचायती एकत्र येऊन मिरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली, २००२ साली तिची महानगरपालिका झाली, आणि २००१ ते २०११ या दहा वर्षांत शहराची लोकसंख्या ५ लाख २० हजारांवरून ८ लाख ९ हजारांवर गेली. मिठागरांकाठच्या त्या गावाचे नाव आता रस्त्याच्या आणि पोलीस ठाण्याच्या पाटीवर दिसते; गाव शोधावे लागते.

या नवघर रस्त्यावरील विजेच्या खांबांवर दहावी-बारावीच्या निकालांच्या सुमारास छापील कागद चिकटू लागतात. गेल्या काही वर्षांत त्यांत एक नवा मजकूर दिसतो : सहा महिन्यांत डायलिसिस टेक्निशियन व्हा, नोकरीची शंभर टक्के हमी, परदेशात संधी. असाच एक कागद हातात घेऊन एक भगिनी आमच्याकडे आल्या. थोरला मुलगा वाणिज्य शाखेतून बारावी झालेला, वर्षभर घरी बसलेला. प्रवेश नक्की करण्यासाठी दहा हजार रुपये भरून झाले होते, उरलेले साठ हजार पंधरा दिवसांत भरायचे होते. त्यासाठी सोन्याची साखळी सोनाराकडे जाणार होती. "फादर, नोकरीची हमी ते लिहून देतात म्हणे. भरू का पैसे?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. संस्थेचे नाव आम्ही येथे देत नाही. अशा संस्था अनेक आहेत आणि आमचे भांडण कोणा एकाशी नाही.

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देणे आम्हाला जमले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराची फोड आहे, आणि ती त्यांच्यासारख्या इतर पालकांच्याही उपयोगी पडावी असे वाटते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की कागदावरचे एक विधान खोटे नाही. या कामाला माणसे हवी आहेत. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्रीय अर्थसंकल्प मांडताना तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. देशात दरवर्षी मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या २ लाख २० हजार नव्या रुग्णांची भर पडते, त्यांच्यासाठी ३ कोटी ४० लाख डायलिसिसची वाढीव गरज निर्माण होते, आणि देशातील सुमारे ४,९५० केंद्रे, तीही बहुतांश खाजगी, निम्मीच गरज भागवू शकतात, असे त्यांनी त्या भाषणात सांगितले होते. एका वेळच्या डायलिसिसला सुमारे दोन हजार रुपये, म्हणजे वर्षाला तीन लाखांहून अधिक खर्च, असाही हिशेब त्यात होता. आठवड्यातून तीन वेळा म्हणजे वर्षाला १५६ वेळा. गुणाकार करून पाहिला तर दोन्ही आकडे जुळतात. त्यानंतर जिल्हा रुग्णालयांतून खाजगी भागीदारीने केंद्रे उघडत गेली. २०२५ च्या मध्यापर्यंत ७५१ जिल्ह्यांत मिळून सुमारे १,७०० केंद्रे झाली.

आता या आकड्यांतून नोकरीचा हिशेब मांडून पाहू. एक डायलिसिस चार तासांचे. आधीची तयारी आणि नंतरची आवराआवर धरली तर पाच तासांचे. तंत्रज्ञाने एका वेळी तीन यंत्रे सांभाळली, तर आठ-नऊ तासांच्या कामात चार ते पाच रुग्ण होतात. दिवसाला पाच आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तरी एका माणसाकडून दीड हजार डायलिसिस होतात. ३ कोटी ४० लाखांना दीड हजाराने भागले की उत्तर येते बावीस-तेवीस हजार. म्हणजे एका वर्षात वाढलेल्या रुग्णांनाच पूर्ण उपचार द्यायचे ठरवले तर तेवढे नवे तंत्रज्ञ लागतील. हा ढोबळ हिशेब आमचा आहे, शासनाचा नव्हे. तथापि यंत्राबरोबर माणूस विकत मिळत नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

मात्र येथेच एक गल्लत होते आणि जाहिरात नेमकी त्या गल्लतीवर उभी असते. गरज आणि मागणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याला डायलिसिस हवे तो प्रत्येकजण ते घेऊ शकत नाही. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना हे सांगायला नको : आठवड्यातून तीनऐवजी दोनदा जाणारे, सणावारी एखादी फेरी चुकवणारे, पैसे संपले की यायचेच थांबणारे रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत. जो उपचार परवडतच नाही त्यातून कोणाची नोकरीही निर्माण होत नाही. म्हणून या व्यवसायाचे भवितव्य ठरते ते पैसे कोण भरणार यावर.

हा प्रश्न डायलिसिसच्या जन्मापासून त्याच्या पाठीशी आहे. विलेम कोल्फ या डच डॉक्टराने १९४३ साली, देश नाझी फौजांच्या ताब्यात असताना, काम्पेन या लहानशा गावी पहिले उपयोगी यंत्र बनवले. सॉसेजच्या आवरणासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी फिरत्या पिंपाला गुंडाळून त्याने रक्त गाळले. पहिले बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री वाचली. त्या काळी हे यंत्र काही दिवसांची वेळ मारून नेण्यापुरतेच कामाचे होते. १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम ठेवता येईल अशी नळी योजली आणि तोच रुग्ण पुनःपुन्हा यंत्राला जोडता येऊ लागला. लगेच निराळीच अडचण उभी राहिली. यंत्रे थोडी, रुग्ण फार. तेव्हा कोणाला यंत्र द्यायचे हे ठरवण्यासाठी तेथे सामान्य नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. तिच्यात एक वकील होता, एक गृहिणी होती, आणि एक ख्रिस्ती पाळकही होता. १९६२ साली एका नियतकालिकात हे छापून आले तेव्हा अमेरिकेत मोठी खळबळ माजली. त्या पाळकाच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हा विचार आम्हाला अनेकदा छळतो. आज तशी समिती कोठे बसत नाही. पाकिटातील पैसे, केंद्रापर्यंतचे अंतर आणि मोकळी खाट, यांवर तोच निर्णय होतो.

महाराष्ट्रात यावर मोठा उतारा आला तो शासकीय विम्याचा. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालू आहे. डायलिसिस तिच्यात अंतर्भूत आहे. २०२३ मध्ये संरक्षणाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढवून ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्याचा निर्णय झाला. याचा परिणाम रुग्णांवर होतो तसा तंत्रज्ञांवरही होतो. योजनेची देयके वेळेवर मिळाली तर केंद्र तिसरी पाळी सुरू करते, माणसे घेते. देयके अडकली की आधी पगार लांबतो. तेव्हा जो तरुण या क्षेत्रात जाऊ इच्छितो त्याने वर्तमानपत्रातील आरोग्य योजनांच्या बातम्या वाचण्याची सवय लावून घ्यावी. त्याचा पगार त्या बातम्यांत दडलेला असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सहा महिन्यांत हे काम शिकता येते काय?

आजारी भाविकांना पवित्र कम्युनियन देण्याच्या निमित्ताने डायलिसिस केंद्रांत आमचे जाणे-येणे होते. एकदा सकाळची पाळी सुरुवातीपासून पाहण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. तंत्रज्ञ साडेपाचला हजर होता. रुग्ण यायच्या आधी त्याने पाहिले ते पाणी. आम्हाला प्रथम नवल वाटले. नंतर त्याने समजावून सांगितले : डायलायझर नावाच्या नळकांड्यात केसांसारख्या हजारो पोकळ तंतूंमधून रक्त वाहते आणि तंतूंच्या बाहेरून उलट दिशेने द्रावण वाहते, हे द्रावण मिनिटाला साधारण अर्धा लिटर लागते. चार तासांत १२० लिटर. आपण आठवडाभरात जेवढे पाणी पितो त्याच्या कितीतरी पट पाणी रुग्णाच्या रक्ताला एका सकाळीच, पातळ पडद्याच्या पलीकडून, स्पर्श करून जाते. पिण्याच्या पाण्यात काही वावगे असले तर आतडी आणि मूत्रपिंडे ते अडवतात. येथे अडवणारे कोणी नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन, जे आपल्याला पटकीपासून वाचवते, तेच या रक्तात उतरले तर तांबड्या पेशी फोडते.

हे नुसते पुस्तकी भय नाही. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू शहरातील एका डायलिसिस केंद्रात जलाशयातील शेवाळासारख्या जीवाणूंचे विष अपुरे शुद्ध केलेल्या पाण्यावाटे रुग्णांच्या रक्तात गेले. यकृत निकामी होऊन पन्नासहून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले. यंत्रे चालू होती, डॉक्टर होते, खाटा होत्या. बिघाड पाण्यात होता. भाईंदरसारख्या शहरात, जेथे नळाचे पाणी कमी पडले की टँकर मागवावा लागतो आणि टँकरगणिक पाण्याचा गुण बदलतो, तेथे सकाळी साडेपाचला क्लोरीन तपासणारा माणूस काय सांभाळतो हे वेगळे सांगावयास नको.

मग रुग्ण आले. प्रत्येकाला वजनकाट्यावर उभे करून दोन डायलिसिसच्या दरम्यान अंगात किती पाणी साठले ते पाहिले गेले. किती पाणी काढायचे हे डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या कोरड्या वजनावरून काढतात. पण एकाने खाली मान घालून सांगितले की रविवारी लग्न होते, दोन ग्लास सरबत जास्त झाले. तंत्रज्ञ रागावला नाही. त्याने आकडा थोडा बदलला आणि डॉक्टरांना कळवले. पाणी भराभर काढले तर रक्तदाब कोसळतो, पायांत गोळे येतात; हळू काढले तर फुप्फुसांत राहते. मग हातावरचा फिस्टुला. शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडून तयार केलेली ती फुगीर रक्तवाहिनी म्हणजे रुग्णाची जीवनदोरी असते. तंत्रज्ञाने तिच्यावर बोटे ठेवून आतली थरथर अजमावली, मगच जाड सुया घातल्या. एकाच जागी पुनःपुन्हा सुई घातली तर तेथे फुगवटा येतो, वाहिनी कमकुवत होते. कोठे घालायची हे ठरवायला नजर लागते आणि बोटांना स्मृती लागते. ही स्मृती वर्गातील फळ्यावर येत नाही.

नऊच्या सुमारास पलीकडच्या खाटेवरील आजोबा जांभया देऊ लागले. आम्हाला वाटले, झोप येत असावी. तंत्रज्ञ चार पावलांत तेथे पोहोचला, पाय उंच केले, यंत्राचे पाणी काढणे थांबवले, सलाईन सोडले आणि मगच रक्तदाब मोजला. तो खूप खाली गेला होता. जांभई ही त्याची पहिली खूण असते, असे तो नंतर म्हणाला. आम्ही विचारले, हे कोठे शिकलात? मोठ्या रुग्णालयात वर्षभराची उमेदवारी केली तेव्हा, असे उत्तर आले. तेथील वरिष्ठ परिचारिका त्यांना यंत्राकडे पाठ करून उभे राहायला लावत असत. पडद्यावरचे आकडे नव्हे, चेहरे वाचा, असा तिचा आग्रह असे.

सहा महिन्यांच्या शिकवणीवर आमचा आक्षेप आहे तो यासाठी. रुग्णाशेजारचा काळ तिच्यात जवळजवळ नसतो. त्या भगिनींच्या हातातील माहितीपत्रकात वातानुकूलित वर्गाचे छायाचित्र होते, संगणक होते, दीक्षान्त समारंभाचे झगे होते. कोणत्या रुग्णालयात किती तास प्रत्यक्ष काम, याचा एक शब्दही नव्हता.

कायदाही आता या बाजूने उभा आहे. २०२१ साली संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. तोवर डॉक्टरांना परिषद होती, परिचारिकांना होती, औषधनिर्मात्यांना होती; पण यंत्रांपाशी काम करणारे हे असंख्य हात देशपातळीवर कोणाच्याच वहीत नव्हते. महाराष्ट्रात त्याआधी पॅरामेडिकल परिषदेचा कायदा झाला होता, परंतु राज्याराज्यांत एकवाक्यता नव्हती. नव्या कायद्यानुसार सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवण्यासाठी किमान दोन हजार तासांचे, दोन ते चार वर्षांत पसरलेले पदविका किंवा पदवी शिक्षण लागते. त्यावरच्या श्रेणीसाठी किमान ३,६०० तासांची पदवी. २०२५ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ज्या दहा व्यवसायांचे एकसमान अभ्यासक्रम प्रसिद्ध केले त्यांत डायलिसिसचाही समावेश आहे. रोज सहा तास, महिन्याला पंचवीस दिवस शिकवले तरी सहा महिन्यांचे नऊशेच तास भरतात. अशा प्रमाणपत्राने आज एखाद्या लहान केंद्रात काम मिळेलही. परंतु नोंदणी सक्तीने मागितली जाईल तेव्हा या मुलांचे काय होईल? झग्यातील छायाचित्र दाखवून नोंदणी होत नाही.

मग शिकावे कोठे? बारावी विज्ञान, त्यातही जीवशास्त्र, ही बहुतेक पदवी अभ्यासक्रमांची अट असते. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, बंगळुरूचे सेंट जॉन्स, मणिपालचे विद्यापीठ, या ठिकाणी डायलिसिसचे रीतसर शिक्षण रुग्णालयाला जोडून दिले जाते. वेल्लोरचा तर या विषयात देशात आद्य मान आहे. १९६० च्या दशकाच्या प्रारंभीच तेथे डायलिसिस सुरू झाले आणि १९७१ साली जिवंत दात्याकडून मूत्रपिंड घेऊन यशस्वी प्रत्यारोपणही झाले. आपल्या राज्यात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत वैद्यकीय महाविद्यालयांतून तीन वर्षे अधिक एक वर्ष आंतरवासिता अशी पॅरामेडिकल पदवी आहे. कोणत्या महाविद्यालयात कोणती शाखा त्या वर्षी चालू आहे हे प्रवेशापूर्वी स्वतः जाऊन पाहावे. कोठेही जा, प्रश्न तेच विचारा. रुग्णालय कोणते आणि ते संस्थेचे स्वतःचे आहे की केवळ कागदोपत्री करार? यंत्रे किती, एका यंत्रामागे विद्यार्थी किती? परीक्षा कोण घेते? शेवटच्या वर्षी विद्यावेतन मिळते की उलट पैसे घेतात? आणि सर्वांत महत्त्वाचे, मागील तुकडीतील दोन-तीन मुलांशी बोलू द्याल काय? या शेवटच्या प्रश्नावर ज्याचा चेहरा बदलतो त्याच्याकडे पैसे भरू नयेत.

पगाराविषयी आम्ही गोड बोलणार नाही. मोठ्या धर्मादाय व कॉर्पोरेट रुग्णालयांत अनुभवी माणसाला बरे वेतन मिळते, वरिष्ठ तंत्रज्ञ, केंद्र व्यवस्थापक, यंत्र-कंपन्यांचे प्रशिक्षक असे पुढचे मार्गही आहेत. मात्र कंत्राटावर चालणाऱ्या लहान केंद्रांत सुरुवातीच्या पगारात नवघरसारख्या ठिकाणी घरभाडे भरून घर चालवणे ओढाताणीचे जाते. काम पहाटे सुरू होते. रक्ताशी रोजचा संबंध येतो. कावीळ ब वर लस आहे, ती रुजू होण्यापूर्वीच घ्यावी आणि मालकाने द्यावी. कावीळ क वर लस नाही. रविवारी बहुतेक केंद्रे बंद असतात, पण सणांना सुटी नसते. २०२५ चा नाताळ गुरुवारी आला. मंगळवार-गुरुवार-शनिवारच्या रुग्णांचे रक्त नाताळ पाहून थांबत नाही. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर तीन तास झोपून कामावर गेलेले तरुण आमच्या परिचयाचे आहेत. ज्या शासनाने आणि ज्या केंद्रचालकांनी यंत्रांसाठी कोट्यवधी खर्च केले, त्यांनी ती चालवणाऱ्यांना कंत्राटी मजुराच्या भावात राबवावे हे आम्हाला अन्यायाचे वाटते. अडीच-तीन वर्षे हात बसलेला माणूस कमी पगारामुळे घरपोच मालवाहतुकीच्या नोकरीत निघून जातो, आणि त्याच्या जागी पुन्हा सहा महिन्यांचा कागद येतो. हानी रुग्णाची होते. केवळ प्रशिक्षण सुधारून हे थांबणार नाही.

आपल्या समाजात मुली मोठ्या संख्येने परिचारिका होतात, म्हणून एक तुलना करणे आवश्यक आहे. परिचारिका अनुभवाने डायलिसिस विभागात काम करू शकते. डायलिसिस तंत्रज्ञाला मात्र वॉर्डात परिचारिका होता येत नाही. त्याचे दार अरुंद आहे. ज्याला विविधता हवी, जागा बदलण्याची मोकळीक हवी, त्याने परिचर्येचा विचार आधी करावा. ज्याला तीच माणसे वर्षानुवर्षे आठवड्यातून तीनदा भेटणे, त्यांची नातवंडे नावाने ठाऊक असणे आणि एखाद्या सोमवारी एक खाट रिकामी दिसणे, हे सोसेल, त्याने इकडे यावे. हे लिहिताना आम्ही भावुक होत आहोत असे कोणी म्हणेल. पण नोकरी सोडलेल्या दोन तंत्रज्ञांनी कारण म्हणून पगाराच्या आधी ती रिकामी खाटच सांगितली.

परदेशाची गोष्ट थोडक्यात. आखाती देशांत रीतसर शिक्षण, काही वर्षांचा अनुभव, प्रमाणपत्रांची मूळ संस्थेकडून पडताळणी आणि तेथील परवाना परीक्षा असा मार्ग आहे. पडताळणीत सहा महिन्यांच्या कागदाचा निभाव लागत नाही. अमेरिकेत २००८ च्या नियमांनुसार डायलिसिस तंत्रज्ञाने रुजू झाल्यापासून अठरा महिन्यांच्या आत प्रमाणन परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. परंतु परिचारिकांना स्थलांतरासाठी जी सवलत आहे ती तंत्रज्ञांना नाही. ब्रिटनमध्ये हे काम मुख्यतः परिचारिकाच करतात. जाहिरातीत तिन्ही देशांचे झेंडे शेजारी-शेजारी छापलेले होते.

त्या भगिनींना आम्ही साठ हजार भरू नका असे सांगितले. दहा हजार परत मागण्यासाठी धर्मग्रामातील एक वकील बंधू त्यांच्यासोबत गेले, निम्मे मिळाले. मुलाने वाणिज्य शाखा घेतली असल्याने डायलिसिसच्या पदवीचे दार त्याला बहुतेक ठिकाणी बंद आहे, हे कळल्यावर त्याला वाईट वाटण्याऐवजी सुटल्यासारखे वाटले, कारण रक्त पाहून त्याला भोवळ येते ही गोष्ट त्याने तोवर आईला सांगितलीच नव्हती. तो आता हिशेबनिसाचे काम शिकतो आहे. त्यांची धाकटी मुलगी यंदा दहावीत आहे. आईबरोबर ती दोन्ही वेळा आली होती आणि एका कोपऱ्यात बसून ऐकत होती. उठताना तिने विचारले, "फादर, रक्त मशीनमधून परत येतं तेव्हा ते थंड असतं का?" आम्हाला ठाऊक नव्हते. पुढच्या आठवड्यात केंद्रातील तंत्रज्ञाला विचारून आम्ही तिला निरोप पाठवला : द्रावण यंत्रातच साधारण ३६-३७ अंशांपर्यंत गरम केलेले असते, म्हणून रक्त फारसे थंड होत नाही, आणि ज्यांचा रक्तदाब वारंवार उतरतो त्यांच्यासाठी ते मुद्दाम अर्धा-एक अंश कमी ठेवतात. तिचा उलट निरोप आला आहे. कमी का ठेवतात, असे तिने विचारले आहे.